शून्य पूर्णांक डोकेदुखी

आमच्या घरात अभ्यास घेण्याचं काम ज्याला विषय येतो त्याच्याकडे जात नाही, जो सोफ्यावर रिकामा दिसतो त्याच्याकडे जातं. त्यामुळे पाचवीतल्या पुतणीचे दशांश अपूर्णांक माझ्या गळ्यात पडले. पहिलाच प्रश्न: ०.५ मोठा की ०.२५?

"०.२५," चिऊ म्हणाली. "पंचवीस आहेत ना काका. तिकडे नुसते पाच."

मी तक्ता काढला. टिंबाच्या डावीकडे एकक, दशक, शतक. उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश. घर डावीकडे सरकलं की किंमत दसपट, उजवीकडे सरकलं की दहावा हिस्सा. दशांशाच्या घरात इकडे पाच, तिकडे दोन, म्हणजे पहिल्याच घरात निकाल लागला.

"मग तो पुढचा पाच कशाला लिहिलाय?"

यावर मी पाणी प्यायला उठलो.

शेवटी तिला गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात नेलं. अर्धा किलो कांदे मागितले. (नाशिकमध्ये अर्धा किलो कांदे मागणाऱ्याकडे भाजीवाली मावशी काळजीने बघते. घरी सगळं ठीक आहे ना?) काट्यावर आलं ०.५००. मग पावशेर आलं घेतलं: ०.२५०. चिऊने दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाली, "अय्या, पाचशे आणि अडीचशे! शेवटी शून्यं लावून लांबी सारखी केली की कळतं की!" टिंबानंतर शेवटी कितीही शून्यं लावा, कांदा ग्रॅमभरही वाढत नाही, पण तेच शून्य टिंबाला चिकटून बसवलं, ०.०५ केलं, की अर्ध्या किलोचे पन्नास ग्रॅम होतात. हे तिला मावशीच्या काट्याने शिकवलं, श्रेय मी घेतलं.

ते श्रेय संध्याकाळच्या मॅचपर्यंत टिकलं.

"काका, ४.५ ओव्हर म्हणजे साडेचार?"

"नाही. चार ओव्हर, पाच बॉल."

"मग साडेचार?"

"४.३."

"आणि ४.५ नंतर?"

"पाच."

"४.६, ४.७ कुठे गेले?"

अंपायरला विचार म्हणालो. तेवढ्यात आतून वहिनी ओरडल्या, क्लास ५.३० ला आहे, म्हणजे साडेपाचला. चिऊच्या वहीत साडेपाच म्हणजे ५.५. मग तिने माझा मोबाईल पुढे केला. एका ॲपची २.९ आवृत्ती जाऊन २.१० आली होती. पुस्तकाप्रमाणे २.१० म्हणजे २.१, म्हणजे ॲप चक्क मागे गेलं होतं. ते वापरताना मलाही तसंच वाटत होतं, पण हे गणितात बसत नाही. पुस्तक बिचारं एकच नियम सांगतं. त्याच टिंबाला बाहेर जो तो आपापल्या कामाला जुंपतो.

आमची आई हे सगळं ऐकत होती. तिच्या लहानपणी, १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे. आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होतात, पण वरचा पाव पैसा आणणार कुठून? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. "आमच्या अण्णांनी लगेच ओळखलं," आई म्हणाली. "चार आण्यांची साखर एकदम आणली तर पंचवीस. आण्या-आण्याची चारदा आणली तर चोवीस. मला रोज चार खेपा!" दशमान पद्धतीमुळे हिशेब सोपा झाला असं सगळे सांगतात. तिच्या पायांना कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणीचा पेपर मिळाला. दहापैकी ४.५. मी चष्मा काढून नीट पाहिलं, टिंब खरंच होतं.

"साडेचार?" मी आवाज चढवला.

"जवळजवळ पाच, काका," चिऊ म्हणाली. "एकच बॉल राहिलाय."