हल्क, सुपरमॅन आणि माझी भाजलेली बोटं

थंडीत ताईच्या शेतावर भरीत पार्टी असली की माझ्याकडे दरवर्षी एकच काम येतं, भाजलेली वांगी सोलायचं. कपाशीच्या काड्यांवरून आत्ताच उतरलेलं वांगं, वरून कोळसा, आतून वाफ, बोटं पाण्यात बुडवायची, साल ओढायची, फू फू करायचं आणि परत बुडवायची. नेमकं तेव्हाच भाचा आणि त्याचा दोस्त समोर उकिडवे बसले, "मामा, हल्क जिंकेल का सुपरमॅन?"

मी सहज म्हटलं सुपरमॅन. फसलो ना भो!

भाच्याचा चेहरा पडला, दोस्ताला चेव आला. म्हणे सुपरमॅनला ताकद मिळते आपल्या पिवळ्या सूर्याकडून, मग त्याला मे महिन्यात भुसावळला आणा, ४५ डिग्रीत, कोण हात लावेल त्याला? यावर भाचा म्हणतो, हल्क जितका चिडेल तितका ताकदवान होतो, अन मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली की कोण नाही चिडत? आता यावर मी काय बोलणार, दोन्ही मुद्दे बिनतोड. मधे कोणीतरी बॅटमॅनचं नाव काढलं पण तो काळा ड्रेस घालून जळगावच्या उन्हात दहा मिनिटं टिकणार नाही, त्याला सरळ सलाईन लावावी लागेल.

वाद मिटवायला मी माझं ज्ञान काढलं. म्हटलं, अरे १९९६ मध्ये मार्व्हल अन डीसी या कॉमिक्स कंपन्यांनी खरंच यांची जुंपवली होती, पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर लागला आणि त्यात सुपरमॅनने हल्कला हरवलं. भाचा शांतपणे म्हणाला, "म्हणजे मतांवर जिंकला. ताकदीवर नाही."

झालं, मग शेतातच मतदान. दाजींनी हल्कला मत दिलं, कारण काय तर हिरवा आहे, आपल्या भरताच्या वांग्यासारखा. दोस्ताने लगेच हरकत घेतली की १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता, नंतर हिरवा केला. दाजी म्हणाले, मग आपलं वांगंही भाजल्यावर कुठे हिरवं राहतं! पाच-पाच मतं पडली, राहिलो मी. मी चाचा चौधरीच्या कॉमिक्समधल्या साबूला मत दिलं. तो चिडला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो, अजून काय पाहिजे? पण माझं मत बाद, कारण साबू यांच्या सिलॅबसमध्येच नाही.

एवढ्यात थॉरचा विषय निघाला. त्याचा हातोडा लायक माणसालाच उचलता येतो, असं भाचा आजीला समजावत होता. आजीने सगळं नीट ऐकलं, हिरव्या मिरच्या, लसूण बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात टाकला, मी सोललेली वांगी त्यावर ओतली आणि लाकडी मुसळ दोघांच्या मधोमध ठेवलं. "उचला बरं."

एकाचा मोबाईल वाजला, दुसऱ्याला पाणी प्यायचं होतं.

मुसळ मी उचललं. भाजलेल्या बोटांनी.