ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात तरुण गायकांना पूर्ण वेळ मिळावा

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात सोळा वर्षांची एक मुलगी यमन राग गायला बसली होती. तिलवाडा या सोळा मात्रांच्या तालातल्या बड्या ख्यालाचा, म्हणजे संथ लयीतल्या बंदिशीचा, अंतरा भरून होतो न होतो, तोच पाहुणे आल्याची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवण्यात आली. तिने शांतपणे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन गाणे थांबवले आणि नमस्कार करून ती उठली. तो प्रसंग मला अजूनही बोचतो.

ज्या ग्वाल्हेरात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्यासारखे ख्यालगायक गायले, ज्या परंपरेत वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, तिथे असे घडावे याचे दुःख अधिक आहे. स्थायी-अंतरा हे बंदिशीचे दोन भाग स्वच्छ मांडून मगच बढतीला, म्हणजे रागाच्या विस्ताराला, हात घालायचा, पुढे बहलावे (संथ, डोलणारे आलाप), बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांच्या ताना) आणि लयकारी (लयीचा खेळ) क्रमाने आणायची, ही आपल्या ग्वाल्हेर घराण्याची शिस्त. सोळा मात्रांचे आवर्तन अर्ध्या मिनिटाचे धरले, तर दहा मिनिटांत जेमतेम वीस आवर्तने होतात. एवढ्या वेळात मुलाला बंदिश म्हणून दाखवता येईल, पण राग मांडता येणार नाही. आणि श्रोत्यांसमोर राग मांडताना येणारे धैर्य शिकवणीच्या खोलीत मिळत नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाने 2024 मध्ये शंभरावे वर्ष साजरे केले, त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने शहराला संगीतनगरी म्हणून मान दिला आणि माधव संगीत महाविद्यालय तर 1918 पासून उभे आहे. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र तानसेनांच्या समाधीजवळच्या त्या समारोहाच्या मंचापर्यंत पोहोचण्याआधी मुलांना लहान बैठका लागतात, आणि त्या आपल्या मंडळांनीच द्यायला हव्यात.

म्हणून आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की यंदा तीन संध्याकाळी केवळ पंचविशीच्या आतील कलाकारांसाठी राखाव्यात, प्रत्येकाला सलग चाळीस मिनिटे द्यावीत आणि सत्कार, भाषणे गाण्याआधीच आटोपावीत. तबला आणि पेटीच्या साथीदारांनाच नव्हे, तर गाणाऱ्या मुलांनाही मानधन मिळावे. ‘मुलांना संधी मिळते, तेच पुष्कळ’ हे म्हणणे मला मुळीच पटत नाही, कारण मांडववाल्याला आपण असे कधी सांगत नाही.

एका संध्याकाळचे मानधन मी देईन. माझ्या घरी तानपुऱ्यांची एक जोडी आहे, तीही तारा बदलून आणि जवारी काढून, म्हणजे घोडी घासून नाद गुंजता करून, तिन्ही दिवस मांडवात आणून ठेवीन.