सिंह, मेंढ्या आणि सोसायटीची वार्षिक सभा

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समितीची निवडणूक जवळ आली की छत्रपतींच्या चित्रासह एक संदेश हमखास फिरू लागतो. सिंहाने नेतृत्व केलेल्या मेंढ्या मेंढीने नेतृत्व केलेल्या सिंहांना हरवतात, म्हणून सारे नेत्यावर अवलंबून असते. खरा अनुयायी प्रश्न न विचारता आदेश पाळतो. आणि काम फसले तर दोष केवळ नेत्याचा, असे त्यात म्हटलेले असते. ही तिन्ही विधाने भारदस्त वाटली तरी एकही टिकत नाही.

पहिल्या विधानाला तर चित्रातल्या राजाच्या स्वराज्याचाच इतिहास आडवा येतो. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दूर तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. तरीही रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी लढा चालू ठेवला, १७०० नंतर महाराणी ताराबाईंनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच मरण पावला, तोवर त्याला मराठ्यांचा निर्णायक पराभव करता आला नाही. राजा जवळ नसताना स्वतःच्या बुद्धीने मोहिमा आखणाऱ्या या माणसांना मेंढ्या म्हणण्याचे धाडस संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी करून पाहावे.

प्रश्न न विचारणारा अनुयायी किती महागात पडतो, हे विमानवाहतुकीने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात केएलएम या डच कंपनीच्या विमानाने परवानगी मिळण्याआधीच उड्डाणासाठी धाव घेतली. पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, अशी शंका केएलएमच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कंपनीत प्रशिक्षक म्हणून मान असलेल्या कप्तानाने ती ठामपणे झटकली आणि ती पुन्हा कोणी लावून धरली नाही. दोन्ही विमानांतली मिळून ५८३ माणसे गेली. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने आक्षेप स्पष्टपणे मांडायचा आणि वरिष्ठाने तो ऐकून घ्यायचा, ही दोन्ही कर्तव्ये म्हणून शिकवली जाऊ लागली. म्हणजे कप्तानाची चूक होतीच, पण ती अडवू शकणारा माणूस शेजारी बसलेला होता.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते सोयीचे आहे. सहकार कायद्याने संस्थेचा अंतिम अधिकार अध्यक्षाला किंवा सचिवाला नव्हे, तर सर्वसाधारण सभेला, म्हणजे सभासदांना दिलेला आहे. प्रत्यक्षात सप्टेंबर संपत आला की घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलातही वार्षिक सभेच्या गणपूर्तीसाठी लागणारे वीस सभासद वेळेवर जमत नाहीत, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि नंतर गणपूर्तीची अट उरत नसल्यामुळे आठ-दहा जणांच्या साक्षीने ताळेबंद वाचून मंजूर होतो. बाकीचे बटाटेवडे येण्याच्या सुमारास उगवतात. लिफ्टच्या देखभालीचा खर्च अचानक का वाढला, किती कोटेशन मागवली होती, सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीची ठेव कुठे आहे, हे प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही आणि दोन वर्षांनी छताला गळती लागली की ग्रुपवर ‘समितीने वाट लावली’ असे संदेश सुरू होतात. समितीने कागद दडवले असतील तर दोष तिचाच आणि त्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाण्याचा मार्गही आहे. पण सभेच्या नोटिशीसोबत आलेला हिशेब उघडूनही न पाहणाऱ्याला हा दोष सगळाच्या सगळा समितीवर ढकलता येणार नाही.

अशा सभेत चुकून कोणी बिल मागितलेच, तर ‘मग तुम्हीच या ना समितीत’ हे ठरलेले उत्तर मिळते. प्रश्न टाळण्यासाठी ते वापरणारी समिती वाईटच. मात्र ते ऐकून ‘चालेल, येतो’ म्हणणारा सभासद मी अजून फारसा पाहिलेला नाही.