'भिऊ नका' ३६५ वेळा? खुलासा

नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेचे दिवस जवळ आले की एक मेसेज मोबाइलवर फिरू लागतो: बायबलमध्ये 'भिऊ नका' हे शब्द ३६५ वेळा आले आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. यंदा शेपूटही जोडलंय: रोज एक वचन म्हणा, चिंतेच्या गोळ्या बंद करा, गोळी घेणं म्हणजे अविश्वास.

आकडा चुकीचा आहे. भाषांतरागणिक मोजणी थोडी बदलते, पण 'भिऊ नको', 'भिऊ नका' अशा थेट आज्ञा शंभराच्या आगेमागेच भरतात. (लीप वर्षाचं काय, हे कुणी विचारतच नाही!)

शेपटाचा भाग मात्र धोकादायक. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः इतका व्याकूळ झाला होता की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं बायबलच्या लूक २२:४४ मध्ये आहे. त्याला अविश्वासी म्हणायचं का? 'कशाविषयीही चिंता करू नका, प्रार्थना करा' असं फिलिप्पैकरांस पत्रात सांगणारा येशूचा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता. त्याच्या नावे असलेल्या पत्रात तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असंही सांगितलंय. द्राक्षांच्या नाशकात हे वचन कुणीच कसं फॉरवर्ड करत नाही?

मत्तय ६:३४ उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगतं. गोळ्या सोडायला नाही. त्या डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर प्रार्थना कराच, आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनवर फोनही करा.