सत्तरीची रयत

पर्वरीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर लिहिलं, "पन्नास वर्षं एकाच माणसाला निवडून देणारे सत्तरीकर मतदार नव्हेत, रयत आहेत." विषय होता गोव्याचे माजी मुख्यमंत्री आणि आमच्या सत्तरी तालुक्याचे आमदार राहिलेले प्रतापसिंह राणे यांना २०२२ च्या जानेवारीत मिळालेल्या तहहयात कॅबिनेट दर्जाचा. त्याविरुद्ध तेव्हा उच्च न्यायालयात याचिका गेली होती, आणि घरातला वाद अजून मिटलेला नाही. मी नाईट शिफ्ट करून इंग्लंडमध्ये स्विंडनच्या बसमध्ये बसलो होतो. दर्जाबद्दल त्याने काहीही म्हणावं, निवृत्त माणसाला सरकारी खर्चाने तो हवा कशाला असं मलाही वाटतं. पण रयत हा शब्द मला लागला. तो माझ्या वडिलांना उद्देशून होता.

आमचं गाव केरी, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. आमच्याकडे प्रतापसिंहांना राणे कोणी म्हणत नाही, खाशे म्हणतात. १९७२ साली, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हयात असताना, ते त्यांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदा आमदार झाले. पुढे काँग्रेसमध्ये गेले. १९८० च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले ते दहा वर्षं सलग, आणि नंतरही पुन्हा पुन्हा. सभापती झाले, विरोधी पक्षनेते झाले. ओळीने अकरा निवडणुका जिंकल्या, एकदाही पडले नाहीत. कदंबच्या बसगाड्या, १९८५ चं गोवा विद्यापीठ, १९८७ चं घटकराज्य, हे सगळं त्या पहिल्या दहा वर्षांतलं. मावसभाऊ त्याच विद्यापीठातून एमए झाला.

इथे ब्रिटनमध्ये डेनिस स्किनर १९७० पासून २०१९ पर्यंत बोल्सोव्हरचे खासदार होते. सर पीटर बॉटमली १९७५ ते २०२४. सर्वांत जास्त काळ सलग निवडून आलेल्याला 'फादर ऑफ द हाउस' म्हणून मान देतात. बोल्सोव्हरच्या खाणकामगारांना रयत म्हणायची इथे कोणाची छाती झाली असती का? हे मी ग्रुपवर टाकलं. त्याचं उत्तर तयारच होतं: "ते दोघेही शेवटी हरले. तुमचे खाशे हरले कधी?"

हरले नाहीत, खरं आहे. पण गोव्यात चाळीस आमदार आहेत, आणि एकेकाच्या वाट्याला पंचवीस-तीस हजार मतदार. एवढ्या लहान मतदारसंघात आमदार वाडा ओळखतो, घर ओळखतो. एकदा कामाच्या कागदासाठी मी इथल्या एमपीच्या सर्जरीला, म्हणजे खासदाराच्या लोकांना भेटायच्या वेळेला, गेलो होतो. दहा मिनिटं मिळाली, पंधरा दिवसांनी छापील पत्र आलं. आमच्या घरात मात्र "खाशांकडे जाऊन येतो" हे वाक्य "बाजारात जाऊन येतो" इतकं साधं होतं. वडील धुतलेला शर्ट घालायचे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे आणि सकाळच्या पहिल्या गाडीने साखळीला जायचे. मावसभाऊ याला लाचारी म्हणतो. मी जवळीक म्हणतो.

आणि वडील डोळे मिटून मत देणारे नव्हते. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, तोही याच माणसाच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वाट्याला 'वापर करता येईल' एवढं कलम आलं. आमच्या घरात रोज मराठी पेपर मोठ्याने वाचला जायचा, गणपतीत आरत्या, भजन सगळं मराठीत. वडील तेव्हा आठवडाभर धड जेवले नाहीत. मी सात वर्षांचा होतो, मला ते आठवतं. पुढच्या निवडणुकीत त्यांनी मत मात्र खाशांनाच दिलं, आणि आईने विचारल्यावर म्हणाले, "भाषेचा राग आहे, तो राहील. पाण्याचं आणि रस्त्याचं कोण बघणार?" हा हिशेब रयतेचा नव्हे.

एका ठिकाणी मात्र माझा आवाज उतरतो. आमच्या काजूच्या बागेचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, मी गेल्या खेपेला हातात घेऊन पाहिला. आजोबांनी लावलेली झाडं, तीन पिढ्यांनी बोंडू गोळा केलेली जमीन, आणि कब्जेदाराच्या रकान्यात आमचं नाव नाही. मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामी, जमिनींचं सत्तरीतलं हे जुनं दुखणं आहे. २०२१ च्या जानेवारीत शेळ-मेळावलीच्या बाया आयआयटीच्या मोजणीपुढे उभ्या राहिल्या त्या याच भीतीने, आणि सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. पन्नास वर्षांत हा एक रकाना भरून का झाला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मावसभावाने नेमकं हे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. आणि २०२२ ला खाशे थांबले तेव्हा पर्येची, म्हणजे त्यांच्या मतदारसंघाची, जागा त्यांच्या सुनेकडे गेली, पक्ष बदलून, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मताधिक्याने. तेव्हाही मी त्याला उत्तर देऊ शकलो नव्हतो.

खरं सांगायचं तर या वादात बोलायचा माझा हक्कच मी सोडून आलो आहे. २०१२ ला केरीच्या शाळेत शेवटचं मत दिलं. त्यानंतर पोर्तुगीज नागरिकत्वासाठी वडिलांच्या जन्माची लिस्बनला नोंद केली, मग माझी, आणि भारतीय पासपोर्ट परत केला. आता इथे कौन्सिलला मत देतो, पार्लमेंटला नाही. पन्नास वर्षं ज्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं त्यांची बाजू मी मांडतो आहे, आणि माझं स्वतःचं बोट दहा वर्षांहून जास्त कोरडं आहे.

मतदारयादीच्या पडताळणीला बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, गावी घरी आला होता, तेव्हा आईने फोन चालू ठेवला होता. तो एकेक नाव वाचत होता. माझं नाव आलं. वडील थोडे थांबले, आणि म्हणाले, "तो आता इथला नव्हे. काढा." मग पेन मागून त्यांनी सही केली.