ग्लुकोजच्या डब्यातली ‘काळी बुरशी’

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकूंची शुगर भर दुपारी उतरली. दरदरून घाम, हाताला कापरं. सुनेने ग्लुकोजचं पाणी पुढे केलं, तर काकूंनी ग्लास सारला. “काळी बुरशी असते त्यात, मोबाईलवर आलंय.” शेवटी गुळाच्या खड्यावर निभावलं, पण त्या दहा मिनिटांत घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तो मेसेज मी नंतर वाचला. सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर तो फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ग्लुकोज आणि सलाईन बुरशीपासून करतात, ती कोरोनातलीच काळी बुरशी, पोटात गेली की आतडी खाते, तिच्याने शुगर वाढते, परदेशात यावर बंदी आहे.

बुरशीचा संबंध आहे, हे खरं. पण ग्लुकोज येतं ते मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चमधून. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. आधी उष्णता सोसणारं, जिवाणूंपासून मिळवलेलं अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे स्टार्च तोडणारं प्रथिन, त्या माळेचे तुकडे करतं. मग येतं ग्लुकोअमायलेज. हे एन्झाइम अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळतं आणि तुकड्याच्या टोकाकडून एकेक मणी सुटा करत जातं. साधारण 60 अंशांवर, किंचित आंबट पाण्यात हे काम दीड-दोन दिवस चालतं. बुरशी वाढते ती वेगळ्याच टाकीत. तिथून तिला गाळून काढतात आणि वापरतात ते तिने पाण्यात सोडलेलं प्रथिन. पुढे ग्लुकोजचा पाकही गाळतात, कोळशातून काढतात, त्याचे स्फटिक करतात. शिरेतून द्यायचं ग्लुकोज त्यानंतर निर्जंतुक होतं ते वेगळंच. 1811 मध्ये किर्शहॉफ या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्च गंधकाम्लात उकळून साखर केली होती, आणि आम्लाची ती रीत कारखान्यांत दीर्घकाळ चालली. पण तिच्यात कडवट चव आणि रंग उतरायचा. 1960 च्या दशकात एन्झाइम आलं ते म्हणूनच.

आता ‘काळी बुरशी’. 2021 मध्ये ज्या आजाराने लोकांचे डोळे, जबडे गेले तो म्युकरमायकोसिस. तो होतो म्युकर, रायझोपस या गटातल्या बुरशींमुळे. नायजरला काळी म्हणतात ते तिच्या बीजाणूंच्या रंगावरून. ती या गटातली नाही. एक गोष्ट लपवणार नाही: रायझोपसपासूनही ग्लुकोअमायलेज काढतात. पण आजार होतो जिवंत बीजाणू श्वासातून आत जाऊन, तोही बहुधा शुगर हाताबाहेर गेलेली असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना. गाळून घेतलेलं प्रथिन उगवत नाही.

आतडी खाण्याचं उत्तर आपल्या गावातल्या मागावरच आहे. ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ देतात. कापड विणून झाल्यावर ही खळ काढायला अमायलेज वापरतात. खळ विरघळते, सूत शाबूत राहतं. सुताचा सेल्युलोजही ग्लुकोजच्याच मण्यांचा, फक्त मण्यांमधली गाठ वेगळी. ती गाठ या एन्झाइमला सुटत नाही. मग आतड्याचं मांस तर दूरच, त्यात स्टार्चची माळच नाही. उलट आपल्या लाळेतही अमायलेज आहे. कडक भाकरीचा तुकडा घोळवून घोळवून चावा, गोडसर लागेल. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, निळी होईल. थोडी लाळ मिसळून ठेवा, निळा रंग हळूहळू फिका पडेल.

शुगर वाढते, हो. ग्लुकोजने वाढणारच, मग ते कशानेही बनवा. मधुमेह असलेल्याने उगाच ग्लुकोजचं पाणी पिऊ नये, आणि पाकिटावर ‘लिक्विड ग्लुकोज’ किंवा ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ लिहिलेलं असेल तर तीही साखरच धरावी. मेसेजने एवढंच सांगितलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

बंदीची गोष्ट खोटी आहे. अमेरिकेत नायजरपासून सायट्रिक आम्ल 1919 पासून बनतंय, आणि तिच्या एन्झाइमांना तिथे अन्नात परवानगी आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी बुरशीच्या अमायलेजचं पेटंट 1894 मध्ये अमेरिकेतच घेतलं होतं.

काकूंच्या उशाशी आता ग्लुकोजचा डबा असतो. झाकणावर सुनेने लिहिलंय: शुगर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.