भिंगाकार दीर्घिका म्हणजे ‘म्हाताऱ्या सर्पिल दीर्घिका’ नव्हेत

एक चित्र सध्या जोरात फिरतंय. डावीकडे झगझगीत भुजांची सर्पिल दीर्घिका, मधे बाण आणि उजवीकडे भुजा नसलेली, मध्यभागी फुगीर, कडेला पातळ अशी भिंगाकार दीर्घिका. खाली मजकूर: ‘सर्पिल दीर्घिका म्हातारी झाली की तिचा वायू संपतो, भुजा पुसल्या जातात आणि उरते ती मेलेली तबकडी. आपल्या आकाशगंगेचंही हेच होणार.’ निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यातलं थोडं खरं आहे, आणि तेवढ्याच जोरावर बाकीचं खपतंय.

‘म्हातारी झाली की…’

आकाशगंगेतले सर्वांत जुने तारे १२ अब्ज वर्षांहून अधिक वयाचे आहेत. नुसत्या वयानं भुजा जात असत्या तर आपल्या कधीच गेल्या असत्या. आकाशगंगेत दरवर्षी साधारण एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे घडतात. त्या खर्चानं तबकडीतला वायू काही अब्ज वर्षांत आटायला हवा. आटत नाही, कारण बाहेरून नवा वायू झिरपत राहतो. म्हणजे शोधायचं ते हे, की हा पुरवठा कोण तोडतं.

त्याचा माग शेजारपाजारात लागतो. खगोलशास्त्रज्ञ ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ दीर्घिकासमूहांतल्या सुमारे ६,००० दीर्घिकांचे आकार तपासले. गर्दी जितकी दाट तितक्या सर्पिल कमी आणि भिंगाकार जास्त, असं चित्र निघालं. वयाला काय ठाऊक शेजारी किती आहेत ते?

‘वायू संपतो’

बऱ्याचदा तो संपत नाही, हिसकावला जातो. समूहातल्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथे कोट्यवधी अंश तापलेला अतिविरळ वायू भरलेला असतो. त्यातून एखादी दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगानं निघाली की समोरचा दाब तिच्या तबकडीतला वायू मागे लोटतो. तारे जागच्या जागी राहतात. ताऱ्यांसारख्या आटोपशीर, घट्ट गोळ्यांना या वाऱ्याचा पत्ताही लागत नाही. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी हे गणित १९७२ मध्येच मांडलं होतं.

प्रत्यक्ष बघायचं तर ईएसओ १३७-००१ बघा. सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या नॉर्मा समूहात घुसत असलेली ही सर्पिल दीर्घिका. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात तिच्या तबकडीतून निळसर धागे मागे ओघळताना दिसतात; ते उखडलेल्या वायूत नुकतेच जन्मलेले तारे आहेत. क्ष-किरणांत पाहिलं तर शेपूट अडीच लाख प्रकाशवर्षांहून लांब भरतं. ही काही वार्धक्याची लक्षणं नव्हेत.

वायू गेल्यावर भुजा का जातात, हे मात्र मजकुरात बरोबर सूचित झालंय. भुजा उजळवणारे निळे, जड तारे फार तर काही कोटी वर्षं जगतात, आणि थंड वायू नसेल तर ताऱ्यांच्या कक्षा हळूहळू विस्कटून भुजांचा आकार विरतो. समूहांपुरता सर्पिल ते भिंगाकार हा प्रवास मान्यच आहे. सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वीच्या समूहांत भिंगाकार दीर्घिका आजच्यापेक्षा बऱ्याच कमी आणि सर्पिल जास्त होत्या, हे ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून १९९७ मध्ये दाखवलं.

‘सगळ्या अशाच बनतात’

मजकुरात ‘सगळ्या’ हा शब्द नाही, पण बाण तेच सांगतो. आता एनजीसी ४५५० घ्या. कन्या समूहातली, दिसायला अगदी साधीसुधी भिंगाकार दीर्घिका. व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी तिचा वर्णपट तपासला तेव्हा एकाच जागी ताऱ्यांच्या वर्णरेषांचे दोन संच सापडले: एक आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्यांचा, दुसरा दूर जाणाऱ्यांचा. एकाच प्रतलात दोन तबकड्या, दोन्हींत तारे जवळपास सारखेच, आणि फिरतात एकमेकींच्या उलट. १९९२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. सर्पिल दीर्घिकेचा वायू काढून घेऊन तिच्या निम्म्या ताऱ्यांना उलटं फिरवता येत नाही. त्यासाठी बाहेरून उलट्या दिशेचा वायू तरी यायला हवा, नाहीतर दोन दीर्घिका तरी एकमेकींत मिसळायला हव्यात.

दुसरी अडचण मधल्या फुगवट्याची. अनेक भिंगाकार दीर्घिकांचा फुगवटा सर्पिलांपेक्षा ठळक असतो. तबकडीचा उजेड मंदावला की फुगवटा तुलनेनं उजळ दिसणारच. पण काहींत तो मुळातच जड आहे, आणि वायू काढून घेतल्यानं फुगवट्याचं वजन वाढत नाही. शिवाय विरळ भागातही भिंगाकार दीर्घिका आहेत, जिथे वायू हिसकावणारं कोणी नाही. तिथे छोट्या दीर्घिका गिळंकृत करणं, टकरी, असे वेगळे मार्ग मानावे लागतात.

‘पण हबलच्या आकृतीतच हा क्रम आहे’ असं यावर ऐकवतात. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी दीर्घिकांचे प्रकार नादकाट्याच्या (ट्यूनिंग फोर्कच्या) आकाराच्या आकृतीत मांडले. १९३६ मध्ये त्यांनी भिंगाकार प्रकार तिच्या फाट्यावर ठेवला तो अंदाजानं, आणि ती मांडणी आकारांची होती. पुढे १९७६ मध्ये सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी भिंगाकारांना सर्पिलांच्या समांतर, वेगळ्या ओळीत बसवलं. मला तीच मांडणी जास्त पटते.

‘मेलेली तबकडी’

अ‍ॅटलास-थ्रीडी या पाहणीत जवळच्या २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका अभ्यासल्या गेल्या. त्यातल्या सुमारे २२ टक्क्यांत रेणूरूप वायू सापडला, म्हणजे तारे घडवायचा कच्चा माल. काहींत हा वायू ताऱ्यांशी फटकून, भलत्याच दिशेनं फिरतो. तो नंतर बाहेरून आलेला.

‘आकाशगंगेचंही हेच होणार’

आकाशगंगा एखाद्या दाट समूहात नाही, एका छोट्या गटात आहे. वायू उखडणारा तो तप्त वारा इथे नाही. देवयानी दीर्घिकेशी टक्कर होईल म्हणावं, तर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्केच. झालीच तर बहुधा लंबवर्तुळाकार काहीतरी उरेल. पुरेसा वायू शिल्लक राहिला तर नवी तबकडीही बनू शकेल.